रात्री दोन वाजता प्रार्थना कशी करावी

नवऱ्याच्या मानेवरच्या गाठीचा रिपोर्ट यायला अकरा दिवस लागले. दिवस कसेबसे निघून जायचे. डबे, ऑफिस, लेकीची शाळा, सासूबाईंच्या गोळ्या. रात्री दोनला मात्र ठरल्यासारखी जाग यायची. पंख्याची कुरकुर, शेजारी त्याचा श्वास, आणि डोक्यात एकच वाक्य घाण्याला जुंपलेल्या बैलासारखं गोल गोल फिरतंय.

मी जन्माने ख्रिस्ती, नगर जिल्ह्यातली. आमच्याकडे संध्याकाळची प्रार्थना झाल्याशिवाय ताटं वाढली जायची नाहीत. संडेस्कूलात पाठ केलेली वचनं आजही झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन. पण त्या रात्री त्यातलं एकही लागू पडेना. ‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका’ हे आठवलं की उलट घामच फुटायचा. काळजी तर आहेच, वर ती करतेय याचाही गुन्हा.

त्यानंतर अशा बऱ्याच रात्री आल्या, काही त्याहून वाईट. त्यातून जे जमत गेलं ते क्रमाने लिहिते आहे. क्रम मुद्दाम सांगते, कारण पहिल्या वेळी मी तो उलटा केला होता. थेट ‘प्रभू, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे’ या शेवटच्या पायरीवर उडी मारली आणि तोंडघशी पडले.

आधी पाणी प्या

शास्त्रात, म्हणजे बायबलात, ‘पहिले राजे’ या पुस्तकाचा अध्याय १९ काढून बघा. कर्मेल डोंगरावर एवढं मोठं यश मिळवलेला एलीया संदेष्टा ईजबेल राणीच्या एका धमकीने जीव घेऊन पळतो, रानात एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, आता पुरे झालं, माझा प्राण घे. देव त्याला काय सांगतो? काहीच नाही. एलीया झोपून जातो. देवदूत येऊन त्याला हलवतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. तो खातो, पितो, पुन्हा झोपतो. पुन्हा उठवतात, पुन्हा भाकर. देवाशी बोलणं होतं ते चाळीस दिवसांची वाट चालून होरेब डोंगरावर पोचल्यानंतर.

तेव्हा अंथरुणातून उठा. पडल्या पडल्या प्रार्थना सुरू केली की दोन मिनिटांत तिची पुन्हा काळजी होते, हा माझा पक्का अनुभव. स्वयंपाकघरातला छोटा दिवा लावा. पाणी प्या. रात्री जेवण गेलं नसेल तर पोळीचा तुकडा, कपभर दूध. खुर्चीवर बसा, पाय जमिनीला टेकलेले असू द्या. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. पहिल्या तीन रात्री मी गाठीचे प्रकार शोधत बसले होते. चौथ्या दिवशी मला स्वतःलाच चार रोग झाले होते.

शांती म्हणजे राखण

आता त्या घाम फोडणाऱ्या वचनाकडे येते, कारण माझा सगळा घोळ तिथेच झाला होता.

येशूचा प्रेषित पौल याने फिलिप्पै शहरातल्या मंडळीला, म्हणजे तिथल्या चर्चला, हे पत्र लिहिलं तेव्हा तो कैदेत होता. खटल्याचा निकाल जगण्याकडे लागेल की मरणाकडे, हे त्याला माहीत नव्हतं. पहिल्याच अध्यायात तो तसं लिहितो. म्हणजे ‘चिंताक्रांत होऊ नका’ हा आरामखुर्चीतल्या माणसाचा सल्ला नाही. आणि वाक्य तिथे संपतही नाही. पुढे आहे, सर्व गोष्टींविषयी प्रार्थना व विनंती करून, आभारप्रदर्शनासह आपली मागणी देवाला कळवा. म्हणजे देवाची शांती तुमची अंतःकरणे व तुमचे विचार ‘राखील’.

या ‘राखील’वर मी लहानपणापासून घसरत पुढे गेले होते. मूळ ग्रीक क्रियापद लष्करी पहाऱ्याचं आहे. पौलच दुसऱ्या एका पत्रात दमास्कस शहरावर बसवलेल्या पहाऱ्यासाठी तेच क्रियापद वापरतो. पण आमच्या भागातल्या माणसाला सैन्यापर्यंत जायची गरज नाही. ज्वारी हुरड्यात आली की शेतात माळा घालतात आणि त्यावर गोफण घेऊन राखणदार बसतो. पाखरं येतच असतात, रात्रीची रानडुकरंही येतात. राखणदार आहे म्हणून ती यायची थांबत नाहीत. फरक एवढाच पडतो की मालकाला घरी जाऊन झोपता येतं, कारण माळ्यावर कुणीतरी जागं आहे.

मी इतकी वर्षं पाखरं थांबण्याची वाट बघत होते. काळजीचे विचार येणं बंद झालं म्हणजे शांती मिळाली, आणि ते येत राहिले तर आपला विश्वास कच्चा, असा माझा हिशेब होता. बायबलातल्या स्तोत्र १२१ मध्ये तर स्पष्टच म्हटलंय की तुला राखणारा डुलकीसुद्धा घेत नाही. दोघांनी जागं राहण्यात अर्थ नाही. हे एकदा ध्यानात आलं की पुढच्या पायऱ्यांवरचा भार हलका होतो.

काळजी कागदावर उतरवा

‘प्रभू, सगळं नीट कर’ एवढ्याने मन जागेवर येत नाही, कारण ‘सगळं’ म्हणजे काय हे त्या मनालाच ठाऊक नसतं. एक वही ठेवा, साधी, शंभर पानी. तारीख घाला आणि खाली एकेक ओळ लिहा. माझ्या पहिल्या पानावर होतं: कॅन्सर निघेल. पैसे कुठून. विम्याचा हप्ता भरला का? लेकीला कोण सांगणार. सासूबाईंना कळलं तर.

लिहिल्यावर एक गोष्ट लगेच दिसली. पाचपैकी एक ओळ काळजीची नव्हतीच, ते उद्याचं काम होतं. हप्त्यापुढे फुली मारली आणि चिठ्ठी फ्रिजच्या दारावर लावली.

आपल्या भाषेत एक गंमत आहे. काळजी आपण ‘करतो’ही आणि ‘घेतो’ही. शब्द एकच. दिवसभर माणसाची काळजी घेता येते: डॉक्टरांची वेळ, मऊ भात, वेळेवर गोळी. रात्री घेण्यासारखं हातात काही उरत नाही, म्हणून आपण ती करत बसतो. पेत्राच्या पहिल्या पत्रातलं वचन, ‘त्याच्यावर तुम्ही आपली सर्व चिंता टाका, कारण तो तुमची काळजी घेतो’, मी त्या रात्रीपासून असं वाचते: घेण्याचं काम रात्रपाळीला दुसऱ्याकडे गेलं आहे. उरलेल्या ओळी एकेक करून मोठ्याने, म्हणजे कुजबुजत्या आवाजात, त्याला वाचून दाखवा. आडपडदा नको. ‘पैसे कुठून’ असं लिहिलं असेल तर ‘पैसे कुठून’ असंच म्हणा. देवाशी बोलताना आपली भाषा उगाच पुस्तकी होते आणि मग खरी गोष्ट आतच राहते.

आणि आजच्या रात्रीपुरतंच. ‘ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे’ हे येशूचं वाक्य मला पूर्वी कोरडं वाटायचं. आता ते रेशनिंगसारखं वाटतं, आणि रेशनिंग टंचाईतच लागतं.

स्तोत्र तेरा, अगदी सावकाश

स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत. आपल्याला पाठ असतं तेविसावं, मेंढपाळाचं. ते सुंदर आहे, पण रात्री दोनला तिथून सुरुवात करू नका. ‘मला काही उणे पडणार नाही’ हे तोंडाने म्हणायचं आणि मनात उणेपणाचीच यादी, असं होतं. त्याच्या दहा स्तोत्रं अलीकडे तेरावं आहे. फक्त सहा वचनं. दोन तक्रारीची, दोन मागण्याची, दोन भरवशाची.

माझ्या आजीचं शास्त्र माझ्याकडे आहे. मोठ्या अक्षरांचं, पाठीला खादीची पट्टी खळीने चिकटवलेली. शाळा चौथीपर्यंत झालेली ही बाई समासात पेन्सिलीने लिहायची. तेराव्या स्तोत्राशेजारी आहे: ‘जून ७२. पाऊस नाही.’ त्याखाली, ‘ऑगस्ट. पाऊस नाही.’ आणि त्याखाली थोड्या जाड पेन्सिलीने, ‘बैल विकले.’ बाहत्तरचा दुष्काळ आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितला गेला, पण तो मला नीट कळला या तीन ओळींत. ‘प्रार्थनेचं उत्तर मिळालं’ असं तिने कुठेही लिहिलेलं नाही. तारीख मात्र घातली आहे.

तिच्या पद्धतीवरून मी माझी बेतली, ती अशी.

पहिली दोन वचनं वाचा आणि थांबा. इथे स्तोत्रकर्ता दावीद चार वेळा एकच सवाल करतो: कुठवर? देवा, कुठवर मला विसरणार, कुठवर तोंड लपवणार? त्या ‘कुठवर’पुढे आपलं वाक्य घाला. ‘कुठवर थांबू रिपोर्टसाठी?’ ‘कुठवर याच्यासमोर हसरा चेहरा करू?’ राग असेल तर रागाने म्हणा. देवावर चिडणं हे पाप आहे असं मला वाटायचं. मग लक्षात आलं की हे शब्द शास्त्रातच छापलेले आहेत, मी ते चोरून आणलेले नाहीत. येशूने वधस्तंभावर मोठ्याने म्हटलेलं ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हेही स्तोत्र बाविसाचं पहिलंच वचन आहे. तक्रार करायला कुणासमोर तरी जावं लागतं. समोर कुणी नाही असं ज्याला वाटतं तो तक्रार कशाला करील?

इथे घाई करू नका. पहिल्या रात्री मी या दोन वचनांवर पाऊण तास होते आणि त्यातला अर्धा वेळ रडण्यात गेला. चालतं.

मग तिसरं आणि चौथं. इथे मागणं आहे, आणि ते अगदी शरीराचं आहे: माझ्या डोळ्यांना तेज दे, नाहीतर मी मरणनिद्रा घेईन. तेव्हा तुमचंही मागणं अंगाला लागणारं असू द्या. ‘गाठ साधी निघू दे.’ ‘उद्या त्याच्या आईशी बोलताना माझा आवाज फुटू देऊ नको.’ ‘आता दोन तास झोप दे.’ आजाऱ्यासाठी स्पष्ट मागताना आपण कचरतो, कारण मनात भीती असते की मिळालं नाही तर विश्वासच जाईल. येशूने गेथशेमाने बागेत स्पष्ट मागितलं, हा प्याला माझ्यापासून दूर कर. ‘तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको’ हे त्याच्यानंतर आलं. मी उडी मारली होती ती इथेच: मागणं गाळून.

शेवटची दोन वचनं भरवशाची. ती पटली नाहीत तरी वाचा. उसनी म्हणून वाचा. लग्नात शेजारणीचा शालू नेसतोच की, तो आपला आहे असं कुणी म्हणत नाही. दावीदचा भरवसा आज रात्रीपुरता अंगावर घ्या. काही रात्री तो अंगाला बसतो, काही रात्री ढगळ होतो.

मग समासात तारीख घाला, चार शब्द लिहा, शास्त्र मिटा.

तेरावं अंगवळणी पडलं की बेचाळीस-त्रेचाळीस ही जोडी बघा. तिथे कवी देवाशी बोलता बोलता तीनदा स्वतःच्या जिवाला हाक मारतो आणि विचारतो, बाबा रे, का खिन्न झालास? मनाला असं समोर बसवून समजावणं मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. तीनच ओळींचं एकशे एकतिसावं आईच्या मांडीवर शांत पडलेल्या, दूध तुटलेल्या बाळाचं आहे. ते झोपायच्या आधी.

कोणतं भाषांतर वापरावं असं पुष्कळ जण विचारतात. ज्यात अडखळायला होत नाही ते. बायबल सोसायटीचं पवित्र शास्त्र कानाला ओळखीचं असेल तर तेच बरं. ती भाषा जड जात असेल तर वसईच्या दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ घ्या. माझ्या मनात मात्र यासंदर्भात पंडिता रमाबाई येतात. साध्या बायकांना कळेल अशा मराठीत अख्खं शास्त्र मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून आणायचं काम त्यांनी केडगावला आयुष्याच्या अखेरपर्यंत केलं. १९२१ मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली, तरी काम सुटलं नाही. एप्रिल १९२२ मध्ये त्या स्वतः गेल्या आणि पुस्तक छापून आलं १९२४ मध्ये. मुलगी गेलेली बाई ‘कुठवर’ या शब्दाला कोणता सोपा मराठी शब्द घ्यावा यावर बसली असेल, या विचाराने मला उगाच सोबत वाटते.

अंथरुणात परतल्यावर

दिवा मालवल्यावर विचार पुन्हा येतील. पाखरंच ती. आता मोठी प्रार्थना नको. पूर्वेकडच्या मंडळ्यांत शेकडो वर्षं चालत आलेली एक छोटी प्रार्थना आहे: ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, माझ्यावर दया कर.’ श्वास घेताना पहिला भाग, सोडताना दुसरा. सोडायचा श्वास लांबवा. मोजू नका.

आमच्या प्रार्थनासभेत एकाने हटकलं होतं, हा तर जप झाला, आणि येशूने पोकळ बडबड करू नका असं सांगितलंय. सांगितलंय खरं. पण त्याच मत्तयाच्या शुभवर्तमानात, म्हणजे मत्तयाने लिहिलेल्या येशूच्या चरित्रात, गेथशेमानेच्या प्रसंगात येशू तिसऱ्यांदा गेला आणि ‘पुन्हा तेच शब्द बोलून’ त्याने प्रार्थना केली, असंही लिहिलंय. घाबरलेल्या माणसाला नवे शब्द सुचत नाहीत. कॅथलिक घरातल्यांना हे सांगावं लागत नाही. त्यांच्या उशाखाली जपमाळ असते.

दुसऱ्याच्या विश्वासावर जगा

मार्काच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात चौघे जण एका पक्षाघाती माणसाला बाजेवर घालून आणतात, गर्दीमुळे दार गाठता येत नाही म्हणून छप्पर उस्तरतात आणि त्याला खाली सोडतात. येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला, असं तिथे आहे. बाजेवरच्याला किती विश्वास होता याची चौकशी झालेली नाही.

सकाळी दोनच माणसांना निरोप पाठवा. ग्रुपवर टाकू नका. हात जोडलेल्या चाळीस चित्रांनी कुणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही. निरोप नेमका असू द्या: ‘मंगळवारी रिपोर्ट आहे. रात्री मला प्रार्थना जमत नाही. दहा वाजता तू माझ्यासाठी करशील का? सल्ला नको.’ शेवटचे दोन शब्द अवश्य लिहा. पाळकसाहेबांना किंवा फादरांना घरी बोलवायला संकोचू नका. आजाऱ्याने मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलावून तेल लावून प्रार्थना करून घ्यावी, असं याकोबाने पत्रात सांगूनच ठेवलंय.

‘कुठलं तरी लपलेलं पाप असेल, शोधून बघ’ म्हणणारे कुणीतरी भेटतातच. आमच्याकडेही एक मावशी येऊन गेल्या. त्यांना चहा द्या आणि योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय मनात ठेवा: या आंधळ्याने पाप केलं की याच्या आईबापांनी, या प्रश्नावर येशूचं उत्तर ‘दोघांनीही नाही’ असं आहे. संकटांनी खचलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस-रात्र त्याच्याजवळ गप्प बसले होते तोवर फार चांगले होते. तोंड उघडलं आणि बिघडलं.

काहीच होत नाही अशा रात्री

होतात. हे सगळं करूनही छातीवरचा दगड जागचा हलत नाही. त्यासाठी स्तोत्र ८८ आहे. सगळ्या स्तोत्रसंहितेतलं सर्वांत काळोखं. शेवटालाही ते उजेडाकडे वळत नाही, अंधारावरच संपतं. ते वाचा आणि तिथेच थांबा. गोड शेवट जोडायला जाऊ नका.

येशूसंघ या कॅथलिक धर्मसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांचा एक नियम अशा काळात फार उपयोगी पडतो: मन कोरडं, अंधारलेलं असताना आधी शांतपणे घेतलेले निर्णय बदलू नयेत. मी त्याचा साधा अर्थ लावते. रात्री दोनला डॉक्टर बदलायचे नाहीत, नोकरी सोडायची नाही, नवऱ्याला ‘आपलं काही खरं नाही’ असं सांगायचं नाही आणि देव नाही असंही ठरवायचं नाही. सकाळी नाश्ता झाल्यावर यातलं काय ठरवायचं ते ठरवा.

झोप, भूक आणि रोजची कामं दोन-दोन आठवडे बिघडलेली असतील, छातीत धडधड थांबत नसेल, तर डॉक्टरांकडे जा. मनात मरणाचे विचार येत असतील तर त्याच क्षणी घरातल्या कुणाला तरी उठवा. सरकारचा टेलि-मानस हा मोफत क्रमांक, १४४१६, रात्रीही चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं. गोळी घेणं म्हणजे विश्वास कमी पडणं असं कुणी म्हणालं तर त्याला एलीयाच्या भाकरीची आठवण करून द्या.

आमचा रिपोर्ट आला तो गाठीच्या टीबीचा. सहा महिने औषधं, मग बरा. देवाने बरं केलं अशी मंडळीत साक्ष दे म्हणून आग्रह झाला, मी दिली नाही. का ते तेव्हा सांगता आलं नव्हतं. दोन वर्षांनी धाकट्या भावाचा रिपोर्ट आला, त्यालाही अकराच्या आसपास रात्री लागल्या, तेच स्तोत्र, तीच खुर्ची, आणि तो रिपोर्ट चांगला नव्हता. आजीच्या तीन ओळींखाली आता माझ्या दोन तारखा आहेत. दुसरीपुढे काही लिहिलेलं नाही.

पेन्सिल शास्त्रातच ठेवा. रात्री शोधायला लागलात की सगळं घर उठतं.